चाळणबाईंचा नियम

आमच्या ताईला शेडमध्ये सगळे चाळणबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. उलट मनातून तिला ते आवडत असावं. रानातून औषधी मुळ्या खणून आणणारे लोक शेडच्या दाराशी पोती टेकवतात आणि आधी तिच्या टेबलापुढे उभे राहतात. ती मुळी बोटांत धरून दाबते, मोडून बघते, नाकाशी नेते, आणि एवढं करूनही शंका उरली तर कपचा काढून चघळते. मग म्हणते 'पास', नाहीतर 'बाद'. घरीही हेच. मी नव्या चपला घालून दाखवायला गेले, तर बाईने वाकून टाच दाबून पाहिली आणि म्हणाली, "बाद." त्या चपला आठवड्यात फाटल्या ही गोष्ट वेगळी, पण माणसाने निदान आधी चांगल्या आहेत म्हणावं.

मी तिची धाकटी बहीण. त्याच शेडमध्ये वाळवणाच्या जाळ्यांवर काम करते. ताईने पास केलेला माल पलीकडच्या हौदात धुतला जातो, त्याचे काप होतात आणि ते माझ्याकडे येतात. मी ते जाळ्यांवर पसरते, उलटते, गरम हवेचा पंखा कमी-जास्त करते. माझ्या जाळ्या आणि तिचं टेबल यांच्यात फक्त रांगेपुरती जागा आहे. शेडभर कडू धूळ उडत असते, ती जिभेवर बसते आणि चहात कितीही साखर घाला, चहा कडूच लागतो. आता सांगणार आहे ते सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि वैतागून सांगते आहे, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ही बाई एवढी का चिडली.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. ते खणणाऱ्यांपैकीच. वस्तीच्या वर जे सावलीचे उतार आहेत तिथे कडूमुळी उगवते. पोटाच्या औषधात ती पडते आणि कारखान्याला कितीही दिली तरी पुरत नाही. शेतात लावून बघितली लोकांनी. पानं छान येतात, मुळी मात्र बोटभरसुद्धा भरत नाही. तिला तोच उतार लागतो, तीच सावली, तोच कुजलेला पाला. माणसांत असतात तसे हट्टी स्वभाव झाडांतही असतात.

ह्या मुळीच्या वरच्या टोकाला एक गाठ असते. तिला आम्ही डोकं म्हणतो. दर वर्षी तिथून नवं पान फुटतं, जुनं गळतं आणि गळलं की गाठीवर एक वळी उरते. मुळी काढताना डोक्याच्या खाली कापली आणि डोकं परत मातीत दाबलं, तर ते पुन्हा जीव धरतं. काही वर्षं गेली की त्याच जागी पुन्हा मुळी तयार. पूर्वी सगळेच असं करायचे. फार मोठा विचार करून करायचे असं मुळीच नाही. डोकं लाकडासारखं टणक, औषधाला उपयोग शून्य, शेडवाले घेत नसत. मग ते ओझं उतारावरून वाहून कोण आणणार? कापायचं आणि तिथेच ठेवायचं. कोणी नीट दाबायचं, कोणी नुसतं पायाने खड्ड्यात ढकलायचं. पण उतार हिरवे राहायचे.

भाऊजी मात्र हे काम असं करायचे की बघणाऱ्याला जांभई यावी. चाकूने तिरपा काप घ्यायचा. कापलेल्या बाजूला कोरडी माती चोळायची. डोकं खड्ड्यात कोंब वर करून बसवायचं, चारी बाजूंनी माती सारायची, वर पाला पसरायचा आणि स्वतःच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्यावर घालायचं. बाकीचे लोक पोती भरून उतरायला लागायचे तेव्हा ह्यांच्या पोत्याचा तळ जेमतेम झाकलेला असायचा.

"तुम्ही मुळ्या काढायला जाता की त्यांना झोपवायला?" ताई विचारायची.

"दोन्ही," भाऊजी म्हणायचे.

तरी त्या दिवसांत दोघांचं बरं चाललं होतं. ते हळूहळू आणायचे, ती कडक तपासायची, आणि घरी एकमेकांना चिडवत जेवायचे. माझ्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत आहे. मला सगळं ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर ऐकू आलं नाही तर मी भिंतीजवळ जाते.

मग एका हंगामात कारखान्याने आमचा माल परत पाठवला. एक-दोन पोती नव्हे, ट्रकच्या ट्रक परत. त्यात खोटी मुळी निघाली होती. खालच्या ओलसर जमिनीत तण म्हणून वाढणारी एक वनस्पती आहे. तिची मुळी सोलून कापली की रंग तोच, वास जवळपास तोच, आणि चवीलाही कडूच. फरक एवढाच की ती पोटात गेली की माणूस ओकून ओकून अर्धमेला होतो. कोणीतरी ती खऱ्या मुळीत मिसळून आणली होती आणि ताईने ती चघळून, विचार करून, पास केली होती. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. शेड बंद पडणार अशी कुजबुज सुरू झाली. रांगेतल्या लोकांनी आमच्या चाळणीला केवढं मोठं भोक पडलंय म्हणून हसून घेतलं.

ताईला ते फार लागलं. तिने बोलणंच टाकलं. दोन्ही वनस्पती मुळासकट उपटून आणल्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या आणि पानं, देठ, साल, गाभा असं एकेक सोडवत बसली. भाऊजींना जेवायला जागा उरली नाही, ते ताट मांडीवर घेऊन जेवायचे. शेवटी तिला सापडलं. खऱ्या मुळीच्या डोक्यावर वळ्या असतात, खोटीचं डोकं गुळगुळीत असतं आणि कापलं तर आतून पोकळ. मुळी सोलून, कापून, चिरून कशीही फसवता येते. डोकं फसवता येत नाही.

झालं. दुसऱ्या दिवसापासून नियम सुरू झाला. मुळी डोक्यासकट असेल तरच टेबलावर ठेवायची, नाहीतर पोतं उघडूही नका. खोटी मुळी त्या आठवड्यातच यायची बंद झाली. कारखान्याचे तपासनीस आले, डोकं हातात फिरवून पाहिलं, ताईला चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "हे सोपं आहे आणि पक्कं आहे. आम्ही सगळ्याच शेडना लागू करतो." तसे फलक रंगवून दारोदार लागले. आमच्या दारावर तर सगळ्यात मोठा. ताई घरी आली ती तरंगतच.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "डोक्यासकट आणायची, तर मातीत काय ठेवायचं?"

"ते पुढच्या वर्षी बघू," ताई म्हणाली. "आधी शेड तर वाचू दे."

शेड वाचली, हे कबूल करायला हवं. आज मी पगार घेते तो तिच्या नियमामुळेच. म्हणून तर जास्त चिडचिड होते. नियम मूर्खपणाचा असता तर मी पहिली जाऊन तो फलक खाली पाडला असता.

नव्या हंगामात पहिल्या खरेदीच्या दिवशी भाऊजी नेहमीप्रमाणे रांगेत उभे राहिले. ताईच्या घरचे म्हणून पुढे घुसण्याची त्यांना सवय नाही. पाळी आल्यावर पोतं टेबलावर उपडं केलं. सुरेख मुळ्या होत्या, जाड, स्वच्छ, आणि सगळ्या बिनडोक्याच्या.

"डोकी कुठे आहेत?" ताईने विचारलं.

"जिथे असायला पाहिजेत तिथे."

"अहो, नियम माहीत नाही का तुम्हाला?"

"माहीत नसायला काय झालं? नियम करणारीच्याच घरी राहतो मी."

रांगेत खसखस पिकली. ताईच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"बाद," ती म्हणाली.

भाऊजी जरा पुढे झुकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, माझ्या हातची मुळी तुला ओळखता येत नाही?"

"मला येते. कारखान्याला येत नाही ना!" तिचा आवाज चढला. "आज घरचं पोतं घेतलं, तर ह्या मागच्या लोकांना कुठल्या तोंडाने बाद म्हणू?"

आता सांगा, कोणाचं चुकलं? मी जाळ्या हलवत उभी होते आणि मला दोघांचंही पटत होतं. माणसाला ह्याच्याइतका त्रास कशानेच होत नाही. एक जण चुकीचा असला की बरं असतं, त्याच्यावर ओरडता येतं.

भाऊजींनी पोतं भरलं आणि घरी नेलं. पुढच्या खरेदीला पुन्हा बिनडोक्याच्या मुळ्या घेऊन आले. पुन्हा बाद. त्याच्या पुढच्या खरेदीलाही तेच. ती हट्टी, तर हे सव्वाहट्टी. लोक घरची कामं टाकून रांगेत थांबायचे, चाळणबाई नवऱ्याला कशी बाद करते ते बघायला. घरी मुळ्यांच्या माळा दारापासून न्हाणीघरापर्यंत लोंबायला लागल्या. आंघोळीहून येताना डोक्याला मुळ्या लागायच्या. मी भाऊजींना म्हटलं, "तुम्ही एक हंगाम आणा की डोक्यासकट, काय बिघडतंय?" ते म्हणाले, "तुझी बहीण बिघडवायला समर्थ आहे, मी आणखी कशाला हातभार लावू?" मग ते लोकांच्या कुंपणांची डागडुजी करायला जायला लागले. उतारावर गेलेच तर आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात, तेही थोडंच काढायचे आणि डोकी झोपवून परत यायचे.

नियमाचं खरं रूप दिसायला फार वेळ लागला नाही. ताईनेच ते आधी पाहिलं, कारण दिवसभर डोकी तिच्याच हातातून जात होती. सुरुवातीला यायच्या त्या मुळ्यांच्या डोक्यांवर वळ्यांचा नुसता थर असायचा. मग वळ्या कमी कमी होत गेल्या. मग अशी डोकी यायला लागली की वळ्या शोधाव्या लागत. कोवळी, काल-परवाची. पण डोकं होतं, वळी होती, मुळी खरी होती. पास.

एका सुट्टीच्या दिवशी ती मला म्हणाली, "चल, वर जाऊन येऊ." मला गुडघ्याचा त्रास आहे हे तिला माहीत असून म्हणाली. आम्ही चढलो. उतारावर जिथे पाय ठेवावा तिथे खड्डा. जुने खड्डे पावसाने बुजत आलेले, नवे खड्डे ओल्या मातीचे. डोकं न तुटता मुळी काढायची म्हणजे भोवतीची सगळी माती उकरावी लागते, त्यामुळे आजूबाजूची झुडपंही उपटून पडलेली. पालासुद्धा वाहून गेला होता. फक्त भाऊजींच्या कोपऱ्यात, वरच्या दोन मोठ्या दगडांच्या मागे, पानं दिसत होती. तिथपर्यंत चढायचा लोकांना कंटाळा येत असावा.

ताई दगडावर बसली. म्हटलं, आता काहीतरी बोलेल, कोणाला तरी शिव्या देईल. ती म्हणाली, "हे सगळे खड्डे मी पास केलेत."

"तू एकटीने थोडीच केलेत," मी म्हटलं. पण ती ऐकायला तयार नव्हती. रोगापेक्षा इलाज भयंकर असं म्हणतात, पण तो इलाज आपणच शोधलेला असला, त्यासाठी आपलंच कौतुक झालेलं असलं, की माणूस बोलणार कोणाकडे?

ताई हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नाही. तिने उपाय काढला. टेबलावर तपासून झालं की डोकी कापून बाजूला काढायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि संध्याकाळी वर नेऊन लावायची. वाहून कोण नेणार? ती आणि मी. शेडमध्ये दिवसभर उभं राहायचं आणि मग गोणपाट पाठीवर घेऊन चढायचं. भाऊजीही यायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी डोकी हातात घेऊन पाहिली आणि काही न बोलता लावायला लागले. ते बोलले नाहीत म्हणजे आशा नव्हती, हे मला कळायला हवं होतं.

लोक मुळ्या सकाळी काढतात, पोतं उन्हात ठेवून दुसरी जागा शोधतात, मग शेडच्या रांगेत तासन्‌तास उभे राहतात. डोक्यातला ओलावा तोपर्यंत निघून गेलेला असतो. आम्ही लावलेली डोकी काळी पडायला लागली. ताई दर खेपेला एखादं उकरून बघायची. "अगं, अशी उकरत राहिलीस तर जगणार होतं तेही मरेल," मी ओरडायचे. "पी हळद आणि हो गोरी असं असतं का कधी?" पण ती उकरायची, बोटाने दाबायची, आणि मऊ लागलं की हात मातीला पुसायची. मग तिने डोकं उभं चिरून अर्धं मुळीबरोबर आणायचं आणि अर्धं मातीत ठेवायचं असं खणणाऱ्यांना सांगून पाहिलं. लोकांनी आधी ऐकलंच नाही. ज्यांनी ऐकलं त्यांची अर्धी डोकी कुजली. बाकीच्यांनी ती कुजलेली दाखवून, आपण ऐकलं नाही ते बरंच केलं, असं ठरवलं.

शेवटी तपासनीस शेडला आले तेव्हा ताई मॅनेजरच्या खोलीत शिरली. मला म्हणाली, "तूही चल, मी फार बोलायला लागले तर मागून ओढ." खोलीत एक खडखडणारा पंखा, काचेच्या बरण्यांत मुळ्यांचे नमुने, आणि टेबलामागे मॅनेजर घाम पुसत बसलेले.

"नियम काढून टाका," ताई म्हणाली.

मॅनेजर हसले. "बाई, फलकाचा रंगसुद्धा अजून उडाला नाही."

"उतारावर काही उरलेलं नाही. येत्या हंगामात मी काय तपासू, माती?"

तपासनीस हसले नाहीत. तो माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. ते म्हणाले, "मी पाहिलेत उतार. तुमचेच नाही, सगळीकडचे. पण बिनडोक्याचं पोतं मी आत घेतलं आणि त्यात खोटी निघाली, तर ती औषध म्हणून कोणाच्या तरी पोटात जाणार. त्या वेळी काय झालं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

ताईला ठाऊक होतं. तिने दुसरं बोलून पाहिलं. "दहा मुळ्यांमागे एक डोकं आणायचं. नऊ डोकी मातीत राहतील."

"आणि त्या नऊ मुळ्या खऱ्याच आहेत कशावरून?"

तिने तेही सोडलं. मग म्हणाली, "खणणाऱ्यांमध्ये भरवशाचेही आहेत. त्यांच्या मालाची हमी मी घेते. काही झालं तर मला काढून टाका."

"चांगलं आहे. सांगा ना, कोण?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मागून ओढायला हवं होतं, पण मला सुचलं नाही. तिने भाऊजींचं सांगितलं. वर्षानुवर्षं ते कसं काम करतात, त्यांच्या पोत्यात कधी काडीसुद्धा कशी परकी निघाली नाही, सगळं सांगितलं. तपासनीसांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हे तुमचे कोण लागतात?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ताई उठली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. त्या दिवशी तिने एवढा माल बाद केला की संध्याकाळी माझ्या निम्म्या जाळ्या रिकाम्या होत्या.

ह्यानंतर काही खरेद्या गेल्या असतील. रांगेत एक मनुष्य असतो, त्याला सगळे बडबड्या म्हणतात. भाऊजी बाद व्हायचे तेव्हा सगळ्यात मोठ्याने हाच हसायचा. त्या दिवशी त्याने पोतं उपडं केलं आणि ताईचा हात थांबला. मी जाळीवरून पाहत होते. तिने एक मुळी उचलली, उजेडाकडे धरली, मग दुसरी, मग तिसरी. डोकी जाडजूड, वळ्या भरपूर. आणि डोक्याच्या थोडं खाली एक तिरपा व्रण होता, जुना, पुरता भरून आलेला. त्याच्याखाली नवी मुळी वाढलेली.

"ह्या कुठल्या?" तिने विचारलं.

"रानातल्या," बडबड्या म्हणाला. "का? खोट्या आहेत?"

खोट्या नव्हत्या. अशा मुळ्या आता बघायलाही मिळत नव्हत्या. रान कोणाच्या मालकीचं नाही, तिथे कोपरा भाऊजींचा असं आम्ही म्हणायचो एवढंच. आणि बडबड्याने तरी काय करावं? त्यालाही घर आहे, आणि खाली काही उरलेलं नव्हतं. ताईने व्रणावरून एकदा अंगठा फिरवला आणि तो माल हौदाकडे सरकवला.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच चहाला होते. ताईने भाऊजींपुढे कप ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "तुमच्या कोपऱ्यातल्या आज टेबलावर आल्या."

"कशावरून म्हणतेस?"

"तिरपा काप. भरून आलेला. असं तुमच्याशिवाय कोण कापतं?"

भाऊजींनी कप उचलला नाही. "मग तू काय केलंस?"

"डोक्यासकट होत्या."

"मी काय विचारतोय?"

"पास केल्या!" ताई ओरडली. "काय करायला हवं होतं मी? चोरीच्या आहेत म्हणू? कोणाच्या चोरल्या? बाद म्हणू? का म्हणून बाद?"

भाऊजींनी कप पुढे सारला. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना दुसऱ्यासाठी झोपवत होतो." चहावर साय धरली.

पुढच्या खरेदीला शेडचं दार उघडलं तेव्हा भाऊजी रांगेत पहिले होते. हे त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. पोतं तोंडापर्यंत भरलेलं, आणि त्याच्या तळाशी ओलावा पाझरत होता, म्हणजे पहाटेपासून खणून थेट इथेच आले होते. त्यांच्या नखांत काळी माती होती. त्यांनी पोतं उपडं केलं. मुळ्या टेबलभर झाल्या, काही खाली घरंगळल्या. सगळ्या डोक्यासकट.

रांगेत कोणी हसलं नाही. बडबड्यासुद्धा.

"सगळ्या?" ताईने विचारलं.

"सगळ्या. दगडामागे आता काही नाही. मी नाही काढल्या तर तो काढेल, मग मीच का नको? तपास तू. एक बाद निघायची नाही."

ताईने तपासायला सुरुवात केली. एकेक उचलली, दाबली, उजेडाकडे धरली, जशी कोणाचीही तपासते तशी. प्रत्येक डोक्याखाली तो व्रण होता. काहींवर दोन होते, एकाखाली एक, म्हणजे त्यांनी दोनदा काढून दोनदा परत लावलेली. मॅनेजर खोलीतून बाहेर आले आणि ढीग बघून थबकले. "वा! असा माल किती दिवसांनी बघतोय! कोणाचा हो?" मग त्यांनी समोर भाऊजींना पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "आले का शेवटी वळणावर?"

"पास," ताई म्हणाली.

मी हात पुढे केला, माल हौदाकडे ओढून घ्यायला. तिने तो दिला नाही. टेबलाच्या खणातून चाकू काढला, पहिली मुळी डाव्या हातात धरली आणि डोक्याखाली तिरपा काप घेतला. डोकं एका बाजूला ठेवलं, मुळी 'बाद' लिहिलेल्या खोक्यात टाकली. दुसरी घेतली. तिसरी घेतली.

"बाई!" मॅनेजर ओरडले. "काय करताय? पास झालेला माल आहे तो!"

"बिनडोक्याची घ्यायची नाही असा नियम आहे," ताई म्हणाली आणि कापत राहिली. तिला भाऊजींसारखा काप येत नव्हता. हात घाईत होते, बोटाला चाकू लागला, तरी तिने फक्त पदराला रक्त पुसलं. मॅनेजर पुढे येत होते. मी मध्ये उभी राहिले. कशासाठी उभी राहिले मला सांगता येणार नाही, मला तर तिचाही राग आलेला होता. भाऊजींची सगळी मेहनत ती समोर खोक्यात फेकत होती, आणि ते तिथेच उभे राहून बघत होते.

सगळी डोकी झाल्यावर तिने गोणपाट हौदात बुडवलं, पिळलं, त्यात ती गुंडाळली आणि गाठोडं त्यांच्यापुढे सरकवलं.

"ओली आहेत अजून. ऊन चढायच्या आत परत लावा."

"आणि तो काढेल," भाऊजी म्हणाले. त्यांनी बडबड्याकडे पाहिलंही नाही.

"काढेल."

"मग?"

"मग त्या ह्याच टेबलावर येतील," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "आणि डोक्यासकट असल्या तर मी पास करीन."

भाऊजींनी गाठोडं उचलून खांद्यावर टाकलं आणि मागच्या दाराने, वर जाणाऱ्या वाटेला लागले. बादचं खोकं कोणी हलवत नव्हतं, म्हणून मीच ते भिंतीशी ओढून ठेवलं. ताईने बोटाला चिंधी बांधली, टेबलावरची माती पुसली आणि पुढच्याला ये म्हणून खूण केली. त्याच्या पोत्यात सगळ्या मुळ्यांना डोकी होती, करंगळीएवढी, आणि ती एकेक उचलून बघायला लागली.